कोरडी झाडलोट

घड्याळं दुरुस्त करून घेणारी माणसं एकेक करून संपली, तेव्हा घड्याळजींनी दुकान बंद केलं. शेवटच्या दिवशी ते दुपारीच घरी आले. काखेत पत्र्याची पेटी, पेटीत चिमटे, बारीक पेचकस आणि डोळ्याला लावायचं भिंग. त्यांची बायको तेव्हा घरामागच्या कार्यशाळेत चाकावर बसली होती, कोपरापर्यंत मातीत. घड्याळजी दारातूनच म्हणाले, "मला काहीतरी काम दे. रिकामा बसलो तर तुझ्या डोक्यावर बसेन."

"मातीत हात घालणार का?"

"ते सोडून."

तिला हसू आलं. नवऱ्याचा स्वभाव ती ओळखून होती. या माणसाने आयुष्यभर अशा यंत्रांशी संसार केला होता, की ज्यांत केसाएवढा कचरा गेला तरी वेळ चुकते. शर्टाच्या बाहीवर डाग पडला तर तो जेवण अर्धं टाकून उठायचा. ओली माती हा त्याच्या दृष्टीने चिखलच.

ती मातीची भांडी घडवायची आणि इतरांना घडवायला शिकवायची. शिकायला येणारे तिला बाई म्हणत, त्यांचं ऐकून गल्लीही बाई म्हणू लागली होती. घड्याळजीसुद्धा रागात असले की "ऐकलंत का बाई" असं म्हणत. तर त्या दिवसापासून बाईंच्या कार्यशाळेत दोन माणसं झाली. ओलं काम बाईंचं आणि कोरडं काम घड्याळजींचं, अशी वाटणी कुणी न करताच होऊन गेली.

कोरडं काम थोडं नव्हतं. मातीची पूड पोत्यांतून यायची, ती पिंपात ओतायची. भांड्यांवर चकाकी आणणाऱ्या झिलईच्या पुडी बारीक चाळणीने चाळून वजन करून ठेवायच्या. सुकलेल्या भांड्यांचे ओबडधोबड काठ पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचे. हे सगळं घड्याळजी असं करत, जणू समोर कुणाचं तरी वडिलोपार्जित मनगटी घड्याळ उघडून ठेवलंय. घासलेल्या कडेवर फुंकर मारायची, डोळ्याजवळ नेऊन बघायचं, परत फुंकर.

आणि संध्याकाळी झाडायचं. शिकणारी मंडळी गेली की घड्याळजी झाडू हातात घेत. आधी खिडक्या लावून घेत, कारण पलीकडच्या शेजारणीने एकदा तक्रार केली होती की तिच्या वाळत घातलेल्या चादरींवर पांढरं बसतं. मग फळ्यांवरून कुंचा फिरवायचा, बाकांखालून, चाकाच्या बुडाशी, भट्टीच्या मागे, जिथे देवाचीही नजर जात नसेल तिथून केर ओढून काढायचा. मावळतीचं ऊन काचेतून तिरपं आत यायचं आणि त्या उन्हात धुळीचा खांब उभा राहायचा. घड्याळजी त्या खांबातून शीळ घालत इकडून तिकडे जात. तोवर बाई स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा टाकायच्या. चहा उकळला की हाक मारायच्या, आणि घड्याळजी भुवया, मिशा पांढऱ्या करून यायचे. बाई म्हणायच्या, "आलात का पीठ दळून?" हा विनोद इतक्या वेळा झाला होता की त्यावर कुणी हसायचं नाही, पण तो केल्याशिवाय चहाही गोड लागायचा नाही.

बाईंना हे काम ज्यांनी शिकवलं त्या थोरल्या बाई फार कडक होत्या. त्यांच्याकडे झाडूच नव्हता. ओलं फडकं, पाण्याची बादली आणि तोंडाचा पट्टा. कुणी सुकी माती हाताने झटकली तरी त्या म्हणत, "कोरडं करायचं नाही. पुसून घे." का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि शिकणाऱ्यांनी कधी विचारलं नाही. बाईंनी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा त्याही पुसूनच घेत. पण घड्याळजींना ओल्या फडक्याचा तिटकारा. "पुसलं की फरशीवर राखाडी ओघळ राहतात," ते म्हणाले. "ह्याला स्वच्छ म्हणतात का? हे तर धुळीला आंघोळ घालून परत तिथेच निजवणं झालं." बाईंनी एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं. मग त्यांनी विषय सोडला. खरं सांगायचं तर दिवसभर पाठ मोडून चाकावर बसल्यावर दुसरं कुणीतरी झाडून घेतंय याचं त्यांना सुख वाटत होतं. सकाळी कार्यशाळा उघडावी आणि ती लख्ख असावी, अशी चैन त्यांनी आधी कधी अनुभवली नव्हती.

वर्षं अशी गेली. मुलगी छकुली मोठी होऊन नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. शाळेत शिकवायला लागली, चष्मा लागला, तरी घरात छकुलीच राहिली.

खोकला कधी सुरू झाला ते दोघांनाही नेमकं सांगता आलं नसतं. घड्याळजी म्हणायचे हवा बदलली. मग म्हणायचे वय झालं. मग त्यांची शीळ तुटायला लागली. एक ओळ पुरी व्हायच्या आत दम संपायचा. चिडून त्यांनी शीळ घालणंच सोडलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, ते संपलं की दुसरं दिलं. एकदा क्षयाची शंका आली, थुंकी तपासली, तसं काही निघालं नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण घड्याळजींचं वजन उतरत राहिलं, आणि एक दिवस पोतं उचलता उचलता ते पोत्यावरच बसले. बाई धावत गेल्या तेव्हा ते हाताने खुणावत होते, की थांब, बोलायला श्वास येऊ दे.

मग छातीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे जाणं झालं. वयाने छकुलीएवढीच, शांत चेहऱ्याची. तिने छातीचा फोटो दिव्याच्या काचेवर लावला आणि जवळ जाऊन पाहिला. फोटोत दोन्ही बाजूंना वर पांढरे ठिपके होते, पीठ शिंपडल्यासारखे.

"काय काम करता?"

"घड्याळजी होतो."

"त्याआधी?"

"त्याआधी दुसऱ्या घड्याळजीच्या हाताखाली."

"दगडाच्या खाणीत, काचेच्या कारखान्यात, बांधकामावर, असं कधी?"

"छे हो. मी उन्हात सुद्धा फारसा गेलेलो नाही."

"आणि आता?"

"आता घरीच. हिला थोडीफार मदत करतो."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबली. "या काय करतात?"

बाईंच्या नखांच्या कडेला सकाळची माती होती. त्यांनी हात पिशवीखाली घेतले आणि मग परत बाहेर काढले. "मातीची भांडी," त्या म्हणाल्या.

"मदत म्हणजे नेमकं काय करता?"

घड्याळजींना कुणी इतक्या आस्थेने विचारलं नव्हतं. त्यांनी सविस्तर सांगितलं. पोती कशी ओततो, पुडी कशा चाळतो, काठ असे घासतो की बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरल्यासारखं वाटावं. आणि संध्याकाळी झाडतो. एक कण खाली ठेवत नाही.

"कोरडंच झाडता?"

"कोरडंच. ओल्याने ओघळ राहतात."

"खिडक्या उघड्या असतात?"

"नाही, बंद. शेजारणीचे कपडे असतात ना."

प्रत्येक उत्तरासरशी बाई नवऱ्याकडून डॉक्टरीणबाईकडे बघत होत्या. घड्याळजी मात्र परीक्षेत सगळं येणाऱ्या मुलासारखे खुशीत होते. मग डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. मातीत, झिलईच्या पुडीत अगदी बारीक दगडाची धूळ असते. जी डोळ्याला दिसते ती नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. जी दिसत नाही ती खोल आत जाते आणि तिथेच राहते. फुप्फुस तिच्याभोवती गाठी बांधत जातं, आणि तेवढी जागा श्वासाच्या कामातून जाते. झाडल्यावर ती धूळ तासन्‌तास हवेत तरंगते. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही.

"म्हणजे मी ती रोज संध्याकाळी उठवत होतो," घड्याळजी म्हणाले.

"हो."

"आणि आता ती काढायची कशी?"

"निघत नाही. आणखी जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे."

तिने बाईंचाही फोटो काढायला लावला. तो दिव्यावर लावला तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले होते. "तुमची छाती स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुम्ही ओल्या मातीत काम करता. आणि झाडलोट चालू असताना तुम्ही तिथे नसता." बाईंना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्यांनी फक्त नवऱ्याचा फोटो उचलून पिशवीत ठेवला.

परतीच्या वाटेवर घड्याळजी थांबून थांबून चालत होते आणि मधेमधे बोलत होते. "जन्मभर लोकांच्या घड्याळातली धूळ काढली. आपलं घड्याळ उघडायला कुणी मिळालं नाही बघ." बाईंनी त्यांचा दंड धरला. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस." काय बोलायचं? थोरल्या बाईंचं ते वाक्य त्यांच्या कानात घोळत होतं, आणि ते आपण नवऱ्याला दोनदाच का सांगितलं, तिसऱ्यांदा का नाही, याचा हिशेब लागत नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी कार्यशाळेला कुलूप लावलं. शिकायला येणाऱ्यांना कळवलं की काही दिवस वर्ग बंद आहेत. चाकावर अर्धवट राहिलेलं भांडं तसंच सुकून तडकलं असेल, पण त्या बघायलाही गेल्या नाहीत.

छकुली रजा काढून आली. वडिलांशी हसून बोलली, त्यांच्या औषधांच्या वेळा समजून घेतल्या, उशा उंच करून दिल्या. मग स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घेतलं.

"आई, तुला माहीत होतं?"

"ओलं पुसायचं असतं, हे माहीत होतं."

"आणि कशासाठी, ते?"

"ते नव्हतं माहीत."

"विचारलं नाहीस कधी? इतकी वर्षं हे काम करतेस, दुसऱ्यांना शिकवतेस, आणि एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही?"

"नाही वाटलं."

"बाबा पांढरे होऊन यायचे आणि तू हसायचीस." छकुलीने चष्मा काढला. "मीसुद्धा हसायचे. पण मी लहान होते."

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मुलीला समजवावं असं त्यांना वाटलं नाही. ती जे म्हणत होती त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडत नव्हतं. छकुलीने डोळे पुसले, गॅसवरचं उतू चाललेलं दूध उतरवलं आणि म्हणाली, "किल्ली दे."

दोघींनी मिळून कार्यशाळा धुतली. डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं तसे घट्ट बसणारे, बारीक धूळ अडवणारे मास्क छकुलीने आणले होते; ते लावल्यावर दोघींना एकमेकींचं बोलणं नीट ऐकू येईना, आणि ते एका परीने बरंच झालं. आधी सगळ्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला. मग वरून खाली पुसत आल्या. बादलीतलं पाणी बदलायचं, फडकी ओलीच गुंडाळून बाजूला ठेवायची, झटकायची नाहीत. घड्याळजींनी इतक्या निगुतीने झाडलेली ती खोली, पण तिच्या फळ्यांच्या वरच्या अंगाला, दिव्याच्या टोपीवर, भिंतीच्या खिळ्याखिळ्यावर मऊ पांढरी साय बसलेली होती. छकुलीने त्यावरून ओलं फडकं फिरवलं आणि बोटं बघत राहिली. पॉलिश पेपर सगळे टाकून दिले. पुडींची उघडी पोती ओली करून, तोंडं बांधून बाहेर काढली.

घड्याळजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आत यायची त्यांना बंदी होती. "माझ्याच राज्यात मला प्रवेश नाही," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मग आत ओरडून सूचना द्यायचा प्रयत्न करत. "भट्टीच्या मागे विसरू नका." एवढं बोलूनही त्यांना धाप लागायची. तरी थोड्या वेळाने परत, "ओघळ दिसतोय बघा, दारापाशी."

"राहू दे ओघळ," छकुली मास्कमधून म्हणाली. आणि का कोण जाणे, ती पहिल्यांदाच आईकडे बघून हसली.

छकुली परत गेली. कार्यशाळा स्वच्छ झाली, पण उघडली गेली नाही. बाई दिवसभर नवऱ्याच्या आसपास असायच्या. घड्याळजींना आता नाकाला नळी लागली होती. कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घुंघुं करत राहायचं आणि नळी जेवढी लांब तेवढंच त्यांचं जग. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी त्यांनी खुर्ची मांडून घेतली. तिथून कार्यशाळेचं बंद दार दिसायचं.

एका सकाळी ते म्हणाले, "किती दिवस अशी माझ्या उशाशी बसणार आहेस?"

"मला दुसरं काय काम आहे?"

"तेच विचारतोय. आजारी मी आहे. घरात दोन-दोन आजारी माणसं कशाला?"

"मला त्या खोलीत पाय ठेववत नाही."

घड्याळजी थोडा वेळ श्वास गोळा करत राहिले. बोलण्याआधी आता त्यांना तयारी करावी लागे. "मी तिथे जबरदस्तीने जात नव्हतो," ते म्हणाले. "मला ती जागा आवडायची. दुकान गेल्यावर मला वाटलं होतं, आपण संपलो. तिथे मला काम होतं. तू मला मारलंस असं तोंड करून माझ्यासमोर फिरू नकोस. मला ते बघवत नाही."

"पण मी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," घड्याळजी म्हणाले. "आणि मी ऐकायला हवं होतं. आता दार उघड."

त्यांनी "तुझं काही चुकलं नाही" असं म्हटलं असतं तर बाईंनी कधीच दार उघडलं नसतं. त्यांनी तसं म्हटलं नाही. त्या आठवड्यात वर्ग पुन्हा सुरू झाले.

पहिल्या दिवशी बाईंनी कुणालाही चाकावर बसू दिलं नाही. सगळ्यांना समोर बसवलं आणि जे झालं ते सरळ सांगून टाकलं. घड्याळजींना काय झालंय, कशामुळे झालंय, आणि ते आपल्याकडेच झालंय. यापुढे या खोलीत झाडू येणार नाही. सुकलेलं भांडं घासायचं नाही. काठ ओले असतानाच स्पंजने नीट करायचे. माती पोत्यातून पूड म्हणून येणार नाही, मळलेली ओलीच येईल. झिलई भिजवायचं काम त्या एकट्या करतील, मास्क लावून, वर्ग नसताना. जाताना प्रत्येकाने आपली जागा ओल्या फडक्याने पुसायची आणि कामाचे कपडे घरी नेऊन वेगळे धुवायचे.

मग शिवणकाम करणारी एक बाई, जी कितीतरी वर्षं यायची, हळूच म्हणाली, "बाई, आम्हीसुद्धा घासायचो की हो. तुमच्यासमोरच."

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी छाती तपासून घ्या. मी बरोबर येते."

त्या खरोखर प्रत्येकाबरोबर गेल्या. दवाखान्याच्या बाकावर त्या शिवणकामवालीशेजारी बसल्या होत्या तेव्हा ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. तिच्या छातीत काही निघालं नाही. इतरांच्याही नाही, आठवड्यातून एखादा दिवस येणारी माणसं ती. तरी ती परत वर्गाला आली नाही. वाटेत भेटली की मान हलवून पुढे जायची. बाईंनी तिला एकदाही बोलावणं पाठवलं नाही.

इकडे खिडकीत बसून घड्याळजी कंटाळायचे. एका दुपारी बाईंनी टेबलावर मेणकापड पसरलं आणि ओल्या मातीचा गोळा त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"ओली आहे. हिचा त्रास नाही. हात धुवायला पाणी मी देते."

घड्याळजींनी गोळ्याकडे अशी नजर टाकली की जणू कुणीतरी ताटात बेडूक वाढलाय. मग एक बोट टेकवून पाहिलं. बोटाचा ठसा उमटला. त्या ठशाकडे त्यांनी निरखून बघितलं, मग दुसरं बोट टेकवलं. इतकी वर्षं मातीच्या घरात काढून हा माणूस आज पहिल्यांदा ओल्या मातीला हात लावत होता. त्यांच्या बोटांत केवढं कसब, नखाएवढ्या चाकांचे दात मोजणारी ती बोटं. पण मातीपुढे त्यांचं काही चालेना. वाटी करायला गेले की बशी व्हायची. एक बाजू उभी केली की दुसरी निजायची.

"हिला पेच कुठे आहे पिळायला?" ते म्हणाले, आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. घड्याळजींनाही हसू आलं, त्याचा खोकला झाला, खोकला थांबायला बराच वेळ लागला. बाई त्यांची पाठ चोळत राहिल्या. हाताला फासळ्या लागत होत्या.

मग रोज दुपारी ते टेबलाशी बसू लागले. बाई वर्ग संपवून, हातपाय धुऊन, कपडे बदलून यायच्या आणि शेजारी बसायच्या. "अंगठा आत, बोटं बाहेर. दाबू नका, फिरवत राहा." इतर शिकणाऱ्यांना जे त्या शंभरदा सांगत, ते नवऱ्याला सांगताना त्यांचा आवाज वेगळा लागायचा. घड्याळजींनी काही वाट्या केल्या. सगळ्या जाड, सगळ्या कलत्या. संध्याकाळी ते स्वतःच त्या मोडून गोळा करून ठेवत. एक मात्र बाईंनी लपवून भाजली. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातात दिली तेव्हा ते म्हणाले, "ही कुणी केली? फारच वाईट आहे." आणि दिवसभर मांडीवर घेऊन बसले.

पुढे पुढे त्यांना बसवेना. खांदे वर ओढून श्वास घ्यावा लागे, दोन घास खाणंही ओझं उचलल्यासारखं व्हायचं. थंडीत साधी सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. डॉक्टरीणबाई स्वतः घरी येऊन बघून गेली आणि दाराशी तिने बाईंचा हात थोडा वेळ हातात धरला. छकुली आली, ती राहिलीच.

घड्याळजी गेले ते दुपारी. बाई त्यांचे पाय पुसत होत्या, छकुली उशाशी होती. यंत्र घुंघुं करत होतं आणि त्या आवाजात आधी लक्षात आलं नाही की आता त्या नळीतली हवा कुणी घेत नाहीये. छकुलीने बटण बंद केलं. त्यानंतर जी शांतता पसरली ती बाईंना सहन झाली नाही; त्या उठून अंगणात गेल्या आणि उन्हात उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. रडू फार नंतर आलं, बाजारात, भाजी निवडताना, आणि मग भाजीवालीने त्यांना आपल्या पोत्यावर बसवून ठेवलं.

माणसं आली, गेली. शेजारीण आली, तिनेही डोळ्याला रुमाल लावला. चादरींचं कुणी काही बोललं नाही. तिच्या तक्रारीमुळे खिडक्या बंद असायच्या हे तिला ठाऊक नव्हतं, आणि बाईंनी ते सांगितलं नाही.

छकुलीची रजा संपत आली तेव्हा तिने आईची पिशवी भरायला घेतली. "माझ्याकडे चल. तिथे जागा आहे."

"नको."

"इथे एकटी काय करणार?"

"जे करत होते ते. वर्गाला माणसं येतात. त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं."

छकुलीने हट्ट धरला नाही. भरलेली पिशवी परत रिकामी केली, कपडे घडी घालून जागेवर ठेवले. वडिलांनी केलेली ती जाड वाटी मात्र तिने आपल्या बॅगेत टाकली, विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी बाई तिला बसथांब्यावर सोडायला गेल्या. बस यायला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या. समोर एक माणूस दुकानाच्या पाटीला रंग देत होता, आणि छकुली बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली होती.

"दरवर्षी फोटो काढून घेत जा छातीचा," ती म्हणाली. "मला कळव."

"कळवीन."

"आणि त्या दिवशी मी तुला फार बोलले."

बाई मुलीकडे वळल्या. छकुलीच्या चष्म्याची एक काच धुरकटली होती. "बोललीस ते खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या. "परत घेऊ नकोस. मला त्याचा उपयोग होतो."

छकुलीने मान खाली घातली आणि आईच्या हातावर हात ठेवला. नखांच्या कडेची माती तिच्या बोटाला लागली असावी, तरी तिने हात काढला नाही. बस आली तेव्हा ती उठली, चढली, खिडकीची जागा मिळाली. बस हलली. बाई ती वळेपर्यंत उभ्या राहिल्या. मग सावकाश घराकडे निघाल्या, कारण वर्गाची वेळ झाली होती आणि आज दोन नवी माणसं यायची होती.